ऑटिझम असलेला १९ वर्षांचा मुलगा अचानक हिंसक झाला, तर मदत कुठून मिळवायची?

बार्शीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा १९ वर्षांचा, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. १८ पूर्ण झाल्यावर विशेष शाळा सुटली, तेव्हापासून घरीच. गेले तीन आठवडे तो डोकं भिंतीवर आपटतो, स्वतःच्या हाताला चावतो, परवा आईलाच ढकलून पाडलं. जवळच्या खाजगी दवाखान्याने ‘हे मानसिक आहे, मेंटल हॉस्पिटलला न्या’ म्हणून परत पाठवलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, ‘हा आजार नाही, जन्मजात आहे, आम्ही काय करणार?’ पुन्हा असं झालं तर फोन कुणाला करायचा, पोलीस आले तर मुलाला कोठडीत टाकतील का, आणि थोडे दिवस त्याला कुठे ठेवता येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, आपल्याकडे फक्त विकासात्मक अक्षमतेसाठी (ऑटिझम, बौद्धिक अक्षमता यांसारख्या) संकटात धावून येणारं वेगळं सरकारी पथक नाही. पोलिसांची, ॲम्ब्युलन्सची आणि मानसिक आरोग्याची अशा तीन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांच्याकडून आपलं काम काढून घ्यावं लागतं. ते जमतं, पण कुणाला काय सांगायचं हे आधी ठाऊक असावं लागतं.

दोन्हीकडून परत का पाठवलं, याचं मूळ कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली आहे. हेतू चांगला होता: केवळ बुद्धीची वाढ कमी आहे म्हणून कुणाला मनोरुग्णालयात डांबलं जाऊ नये. प्रत्यक्षात काही डॉक्टर त्याचा अर्थ ‘हे आपलं काम नाही’ असा लावतात, तो चूक आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसालाही नैराश्य येतं, उन्माद होतो, सायकोसिस (भास-भ्रम) होतो. तेव्हा तो आजारच असतो आणि त्याला उपचाराचा हक्क इतरांइतकाच असतो. ऑटिझमचं तर त्या वगळणुकीत नावही नाही.

म्हणून दारात उभं राहिल्यावर तुम्ही पहिलं वाक्य कोणतं बोलता, त्यावर पुढचं बरंच ठरतं. दमलेले आईवडील सवयीने म्हणून जातात, ‘तो लहानपणापासून असाच आहे हो.’ हे ऐकलं की समोरचा डॉक्टर शोध घेणं थांबवतो. त्याऐवजी असं सांगा: ‘ऑटिझम जन्मापासून आहे, पण हे वागणं महिन्यापूर्वी नव्हतं. आधी रात्री सलग झोपायचा, आता दोन-तीन तास झोपतो. जेवण निम्म्यावर आलंय. दिवसातून सात-आठ वेळा डोकं आपटतो, बहुतेक वेळा जेवणानंतर.’ आकडे अर्थातच तुमच्या मुलाचे द्या. आधी काय होतं आणि आता काय बदललं, एवढीच गोष्ट डॉक्टरला कामाची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न बोलणारा मुलगा दोन-तीन आठवड्यांत असा बदलतो, तेव्हा आम्ही मनाकडे नंतर बघतो, शरीराकडे आधी. दुखतंय हे सांगता येत नाही, मग ते डोकं आपटण्यातून आणि चावण्यातून बाहेर येतं. १९ वर्षांचा आहे म्हणजे अक्कलदाढ येण्याचं वय. एकाच बाजूच्या गालावर किंवा कानावर मारून घेत असेल, एका बाजूने चावत असेल, थंड पाणी टाळत असेल, तर दाढ आणि कान दोन्ही बघून घ्याच. बद्धकोष्ठ हे दुसरं मोठं कारण. अधूनमधून पातळ होतंय म्हणून पोट साफ आहे असं समजू नका, अडकून बसलेल्या खड्याच्या बाजूनेही पातळ शौच झिरपतं. त्यानंतर छातीतली जळजळ (जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर त्रास वाढतो), लघवीचा संसर्ग, खरूज, बोटात रुतलेलं नख, न दिसलेलं फ्रॅक्चर. मुलगी असेल तर पाळीच्या तारखा त्या वागण्याच्या तारखांशी ताडून बघायच्या. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी टाळू नये.

वेदनेचा संशय आहे पण सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर कधी कधी दोन दिवस ठरलेल्या वेळांना पॅरासिटॅमॉल देऊन बघतात. डोस वजनावर आणि यकृताच्या स्थितीवर ठरतो, म्हणून तो त्यांच्याकडूनच घ्यायचा. त्या दोन दिवसांत आपटणं निम्म्याने कमी झालं, तर कुठेतरी दुखत होतं हे जवळजवळ ठरलं.

औषधंही गुन्हेगार असतात. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम चालू केलं किंवा वाढवलं असेल, तर चिडचिड आणि आक्रमकपणा हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. वागणं शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी काहींना अकॅथिसिया होतो. माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझारा घालतो, पाय हलत राहतात. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला, म्हणून गोळी वाढवली जाते आणि मुलगा आणखी बेचैन होतो. हे चक्र फार वेळा दिसतं. त्या गोळ्यांसोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल बद्धकोष्ठ वाढवते, लघवी अडवू शकते, कधी गोंधळही घडवते. म्हणून गेल्या दोन महिन्यांत कोणती गोळी सुरू झाली, बंद झाली, वाढली किंवा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली, हे तारखेनिशी लिहा. फिट्सची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

किशोरवयात आणि विशीच्या आसपास ऑटिझममध्ये कॅटाटोनिया होऊ शकतो, तोही लक्षात ठेवा. हालचाली मंदावतात, दारातच थबकतो, घास हातात धरून बसतो आणि मध्येच विनाकारण उसळतो. हा ओळखला गेला तर लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधाने सुधारतो. ओळखला गेला नाही तर ‘हट्टीपणा वाढला’ म्हणून महिनोन्महिने जातात.

शरीर तपासून काही सापडलं नाही, तर शाळा सुटण्याकडे बघावं लागतं. वर्षानुवर्षं सकाळी ठरलेल्या वेळी रिक्षा, डबा, बाई, प्रार्थना. आणि एके दिवशी सगळं थांबलं. का थांबलं हे त्याला कुणी सांगू शकलेलं नाही. त्याला बरं करायला गोळी नसते, नवं वेळापत्रक लागतं. १८ वर्षांवरच्यांची संरक्षित कार्यशाळा (अपंग प्रौढांना जमेल तसं काम देणारी जागा) जवळपास असेल तर तिथे अर्धा दिवस जाण्याचा आग्रह धरा. आणखी एक शक्यता नकोशी आहे, पण विचारात घ्यावीच लागते: कुणी त्याला मारत आहे का, त्याच्याशी वाईट वागत आहे का? अंघोळीच्या वेळी अंगावरच्या खुणा बघा. एका ठरावीक माणसाला पाहून किंवा ठरावीक जागी जाताना तो बिथरतो का, हेही बघा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराकडेही करता येते. पोलीस आहेतच.

आता प्रत्यक्ष प्रसंग. तो आपटायला लागला की घरातले चौघे एकदम बोलायला लागतात, तिथेच बिघडतं. बोलायचं एकाने, तीन-चार शब्दांत, आणि मग दहा सेकंद गप्प राहायचं. टीव्ही, मिक्सर बंद. लहान भावंडं शेजारी. भिंत आणि डोकं यांच्या मध्ये उशी किंवा दुमडलेली सतरंजी धरा, डोकं दाबून धरू नका. त्याने तुमचे केस धरले असतील तर ओढून सोडवू नका. त्याची मूठ दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि पकड सैल होण्याची वाट बघा. चावलं असेल तर हात मागे खेचू नका, लचका तुटतो. किंचित त्याच्या तोंडाकडेच नेलात तर जबडा सुटतो. आणि काहीही झालं तरी त्याला पालथा पाडून पाठीवर कुणी बसायचं नाही. चार धडधाकट शेजारी चांगल्या हेतूने हेच करतात. त्यात श्वास अडकून माणसं दगावतात, आणि लठ्ठ किंवा फिट्स असलेल्या मुलांना धोका जास्त.

फोन कुणाला, हे धोका किती आहे यावर ठरतं. कुणाच्या जिवाला धोका असेल, तो रस्त्यावर पळाला असेल किंवा हातात धारदार काही असेल तर ११२. बेशुद्ध झाला, डोक्याच्या जखमेतून रक्त थांबत नाही, डोकं आपटल्यावर उलट्या होत आहेत, फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८. प्रसंग निवळला आहे पण पुढे काय करावं सुचत नाही, किंवा रात्री डॉक्टर मिळत नाहीत, तर टेली-मानस, १४४१६. ही ऑक्टोबर २०२२ पासूनची, फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीत, मोफत. पहिला फोन समुपदेशक घेतात. त्यांना लगेच सांगा, ‘मुलगा बोलत नाही, ऑटिझम आहे, मला वरच्या पातळीवरच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं आहे.’ तिथून सल्ला आणि जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो. गाडी येत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

११२ ला काय सांगायचं ते कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवून ठेवा, कारण त्या क्षणी आठवत नाही. आधी पत्ता आणि खूण. मग: ‘माझा मुलगा १९ वर्षांचा, जन्मापासून ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता आहे. त्याला बोललेलं नीट कळत नाही. दारू प्यायलेला नाही, हत्यार नाही. सायरन बंद करून या, आधी एकानेच आत या, मी दारात थांबते. आम्हाला त्याला दवाखान्यात न्यायला मदत हवी आहे, तक्रार करायची नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यावरून येणाऱ्याला आपलं काम कळतं.

कोठडीबद्दल. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं की मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर लवकरात लवकर, आणि फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बौद्धिक अक्षमता व्याख्येत नाही, असा वाद कुणी घातला तर सांगा की आजार आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. पोलिसाला तसं वाटण्याला कारण असणं पुरेसं आहे. सगळे ठाणे अंमलदार हे जाणतात असं मात्र नाही. म्हणून शांत दिवशी ठाण्यात जाऊन, मुलाचा फोटो आणि यूडीआयडी कार्डाची (सरकारी अपंगत्व ओळखपत्राची) प्रत देऊन, एक साधा अर्ज नोंदवून ठेवा आणि पोच घ्या. तासाभराचं काम आहे, पण प्रसंगी येणारा शिपाई अनोळखी राहत नाही.

कुठे न्यायचं? मी तरी एकट्या मानसोपचार क्लिनिकपेक्षा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय निवडेन. तुमच्यासाठी ते सोलापूरचं सिव्हिल. दंतविभाग, कान-नाक-घसा, मेडिसिन, मानसोपचार एकाच आवारात मिळतं, आणि तुम्हाला तेच हवं आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं मानसिक आजारासाठी आहेत. दाढ दुखतेय की पोट, हे शोधण्याची ती पहिली जागा नव्हे. प्रसंग तातडीचा नसेल तर सकाळी ओपीडी उघडतानाच पोहोचा, तेव्हा सगळे विभाग चालू असतात. रात्री गेलात तर कॅज्युअल्टीत केसपेपर काढून ‘मेडिसिन आणि सायकियाट्री दोन्हींचं मत हवं आहे’ असं स्पष्ट म्हणा. गाडीत त्याला चालकाच्या मागे बसवू नका. मागच्या सीटवर डावीकडे बसवा, चाइल्ड लॉक लावा, शेजारी त्याला आवडणारा माणूस. हातपाय बांधून न्यायचं नाही.

कॅज्युअल्टीत त्याच २०१७ च्या कायद्याची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ९४: जिवाला धोका असेल किंवा तो स्वतःला, दुसऱ्याला गंभीर इजा करत असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णयात भाग घेणारा माणूस) हजर असेल तर त्याच्या संमतीने, जास्तीत जास्त ७२ तास. तेव्हा ‘आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, हात लावता येत नाही’ हे कारण टिकत नाही. कलम ८९: तुमच्या अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून दुजोरा दिला, तर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही. आदेश आणा असं कुणी म्हणालं तर ती १९८७ च्या जुन्या कायद्याची सवय आहे. मुलाने कुणाला नेमलेलं नसेल तर नातेवाईक म्हणून आई-वडील प्रतिनिधी ठरतात. १८ च्या आतल्या मुलांसाठी कलम ८७ आहे, त्यात पालक किंवा सोबतीने रुग्णालयात मुलाजवळ राहायचं असतं.

शांत करण्यासाठी इंजेक्शन देण्याची वेळ आली तर बहुतेक ठिकाणी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन देतात. आधी सांगायचं: वजन, फिट्स आहेत का, आधी कोणत्या इंजेक्शनने काय झालं. लोराझेपामसारख्या औषधाने काही ऑटिस्टिक मुलं शांत होण्याऐवजी जास्त उसळतात. तसं पूर्वी झालं असेल तर तेही लिहून द्या. नंतरच्या एक-दोन दिवसांत मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, तर घाबरू नका, पण लगेच परत न्या. हॅलोपेरिडॉलचा तो परिणाम एका इंजेक्शनने उतरतो. हातपाय बांधण्याबाबत: साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. इतर बांधणं फक्त तत्काळ इजा टाळण्यासाठी, जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतंच, आणि त्याची नोंद व्हायला हवी. ती नोंद बघायला मागा.

सोबत एक पानभर माहिती तयार ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात. नाव, वजन, निदान, औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम, ॲलर्जी, दुखलं की तो काय करतो, कशाने शांत होतो, काय केलेलं अजिबात खपत नाही (‘मागून हात लावू नका’, ‘पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ठेवू नका’), दोन फोन नंबर. मोबाइलमध्ये अर्ध्या-एक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ: एक प्रसंगाचा, एक तो बरा असतानाचा. दुसरा जास्त कामाचा, कारण डॉक्टरला फरक त्यातूनच दिसतो.

थोडे दिवस ठेवण्याबद्दल खरं सांगते. ऐन भरात कुणी घेत नाही. निवासी संस्था आक्रमक मुलाला नाकारतात, आणि जी संस्था काही न विचारता रोख पैशावर घेते तिथे न ठेवलेलं बरं. नोंदणी प्रमाणपत्र, रात्री किती माणसं असतात आणि अचानक भेटायला येऊ देतात का, या तीन गोष्टी विचारा. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर परत फिरा. नॅशनल ट्रस्टच्या (ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशांसाठी केंद्र सरकारने कायद्याने स्थापलेल्या संस्थेच्या) समर्थ योजनेखाली काही संस्था अल्पकाळ सांभाळतात, पण जागा कमी असतात. बरा असताना आधी एक दिवस, मग एक रात्र अशी सवय लावली तर पुढे दार उघडं राहतं. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च देते, नसेल काढली तर काढा.

आणि मुलगा १८ चा झाला त्या दिवशी तुमचं पालकत्व कायद्याने संपलं. मानसोपचारासाठी दाखल करताना ते आड येत नाही, पण दाढेच्या ऑपरेशनची संमती, बँक खातं, पेन्शन इथे अडतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खालच्या स्थानिक पातळी समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, म्हणजे तुमच्यासाठी सोलापूरला. बैठका नियमित होतातच असं नाही, म्हणून तो अर्ज या महिन्यातच जाऊ द्या.

तोवर मला तीन गोष्टी कळवा: सध्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि त्या कधी सुरू झाल्या, गेल्या आठवड्यात शौचाला किती वेळा आणि कसं झालं, आणि डोकं आपटतो ते नेहमी एकाच बाजूने का.